पहिला पूर कोणाचा?

धरण झाले की मासे वाढतात, असे आपल्याकडे जवळजवळ सगळेच मानतात. तलाव ठेक्याने दिले जातात, मच्छीमार संस्था त्यात बीज सोडतात, बाजारात कटला-रोहू येतो. मग धरणाने माशांचे नुकसान होते हे म्हणणे अनेकांना अतिरेकी वाटते. दुसरा समज याहून जुना आणि पक्का आहे. कोकणातले पावसाचे पाणी समुद्रात वाया जाते, म्हणून ते जितके अडवावे तितके चांगले. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पनवेलमध्ये हे दोन्ही समज एकाच घरात नांदतात. माझ्या मते दोन्ही उथळ आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. आपण नदीकडे साठा म्हणून बघतो. माशाला नदी ही वाट म्हणून लागते, आणि ती वाट ठरलेल्या वेळी उघडी लागते. धरणाने किती पाणी अडवले यावर आपण भांडतो. त्याने कुठली वाट तोडली आणि कुठली वेळ चुकवली, हे विचारायचे मात्र राहून जाते.

### वर चढणारे, खाली उतरणारे

आधी या वाटेवरचे प्रवासी मासे कोण ते पाहू. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात ओढे गढूळ होतात आणि पनवेल-उरणच्या पट्ट्यात वलगण, म्हणजे माशांची चढण, सुरू होते. तळकोकणात याच माशांना चढणीचे मासे म्हणतात. मळ्या, खवल, शिंगाळी, वाम असे मासे डोहांतून निघून प्रवाहाच्या उलट चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी भरलेल्या भातखाचरात. उथळ, ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी आणि बुडालेले गवत ही त्यांची अंडी घालायची जागा. मरळ तर खाचराच्या कडेच्या गवतात घर करते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. खाडीच्या बाजूने गाभोळीने भरलेली चिवणी याच दिवसांत आत शिरते.

काहींचा प्रवास उलटा असतो. रायगडची शान असलेला जिताडा खाडीच्या मुखाशी, खारट पाण्यात अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर खाडीत, खारेपाटातल्या खाचरांत आणि तिथून गोड्या पाण्याकडे सरकतात. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे खाडीच्या मुखाशी परत जायची वाट मोठ्या माशाला मिळाली नाही, तर अंडी घालणारी मादीच हरवते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या अळ्या निमखाऱ्या पाण्यातच वाढतात. तिची पिल्ले मग नदी चढून वर येतात.

सगळ्यांत दूरचा प्रवासी अहीर, म्हणजे सापासारखा लांब, गोड्या पाण्यातला ईल. तो जन्मतो हिंदी महासागराच्या खोल पाण्यात. पारदर्शक पिल्ले किनाऱ्याला लागतात, नद्या चढतात, वर्षानुवर्षे डोहांत वाढतात आणि शेवटी एकदाच, अंडी घालून मरण्यासाठी, समुद्रात परततात. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरच्या 1839च्या लेखनात इथल्या ईलला एल्फिन्स्टनचे नाव दिले होते. भीमा-कृष्णेच्या वाटेने मोजले तर पुण्याच्या परिसरातून बंगालचा उपसागर हजार किलोमीटरहून जास्त दूर. आज त्याच वाटेवर उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि प्रकाशम बॅरेज उभे आहेत.

### पहिली पायरी : धरण आधी पहिला पूर गिळते

धरणाचे नुकसान बहुतेक लोक उन्हाळ्यात शोधतात, कारण तेव्हा खालची नदी कोरडी दिसते. माशाच्या दृष्टीने खरा घाव जूनमध्ये बसतो. मेअखेर जलाशय तळाला गेलेला असतो. म्हणून हंगामाचा पहिला पूर, ज्याच्या गढूळपणावर, गारव्यावर आणि वेगावर माशाच्या शरीरातली अंडी पक्व होण्याची आणि चढण्याची क्रिया सुटते, तोच पूर धरणात अडकतो. धरण भरून सांडव्यावरून वाहू लागते तेव्हा खाली पाणी येते खरे, पण तोवर हंगामाचा सगळ्यांत मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

पनवेलच्या आसपास याची दोन रूपे दिसतात. माथेरानच्या डोंगरातून उतरणाऱ्या गाढी नदीवरचे देहरंग धरण पनवेल नगरपालिकेचे, आता महापालिकेचे. ते लहान आहे, त्यात गाळ साचला आहे, त्यामुळे पावसाळा लागल्यावर काही आठवड्यांत भरते. तिथे माशाचे काही आठवडे जातात. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी देते. ते भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, काही वर्षी ते भरतही नाही. धरणाखालच्या धावरीला उपनाल्यांचे पाणी मिळते, पण डोंगराचा मुख्य पूर मिळत नाही. तिथे माशाचा अख्खा हंगाम जातो. म्हणजे धरण जितके मोठे आणि पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने जितके 'कार्यक्षम', तितकी त्याची माशाच्या वेळापत्रकाशी टक्कर मोठी. वार्षिक सरासरीत ही गोष्ट कधीच दिसणार नाही. वर्षभरातले 10 टक्के पाणी अडवले आणि ते 10 टक्के जूनचे निघाले, तर कागदावर नुकसान किरकोळ असते आणि नदीत संपूर्ण.

### दुसरी पायरी : भिंतीची उंची माशाच्या मापाने मोजा

मोठे धरण डोळ्यांत भरते, म्हणून चर्चा त्याचीच होते. पण वलगणीच्या माशाला अडवायला मीटरभर काँक्रीट पुरते. ओढ्यावरचा पक्का सिमेंटचा बंधारा घ्या. वरून पाण्याचा पातळ पडदा पडतो आणि खाली काँक्रीटचा सपाट ओटा असतो. उडी मारायला माशाला खाली खोल पाणी लागते, ते तिथे नसते. बोटभर मळ्या ओट्यावरच्या दोन-तीन इंच पाण्यातून धडका देतो, भिंतीवर आपटतो, परत ओट्यावर पडतो. गाभोळीने पोट तटतटलेली मादी दमून कडेच्या दगडांत अडकते. त्याच्याच खाली लोक पाग घेऊन उभे असतात, कारण मासे कुठे साचणार हे बंधाऱ्याने ठरवून दिलेले असते. फरशीचे पूल, ज्यांच्या नळांतून पाणी खाली आदळते, तेही हेच काम करतात. खाडीच्या बाजूला खारबंदिस्तीच्या उघाड्या आहेत. भरतीचे पाणी थोपवण्यासाठी त्यांची झापे आतून बाहेरच उघडतात. उघाडी शेती वाचवते, हे खरे. पण भरतीबरोबर आत येऊ पाहणाऱ्या जिताड्याच्या पिल्लाला ती बंद दारच असते.

अशा अडथळ्यांचे नुकसान बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. समजा प्रत्येक अडथळा निम्म्या माशांना वर जाऊ देतो. ऐकायला हे बरे वाटते. पण एका ओढ्यावर असे 5 अडथळे असतील, तर 100तले जेमतेम 3 मासे माथ्यावर पोहोचतात. युरोपातल्या नद्यांची मोजणी 2020मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिथे किमान 12 लाख अडथळे निघाले आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश 2 मीटरपेक्षाही ठेंगणे होते. आपण 2 हजारांहून जास्त मोठ्या धरणांचे राज्य म्हणून ओळखले जातो. आपल्या ठेंगण्या बंधाऱ्यांचा विचार माशाच्या बाजूने व्हायलाच हवा.

नवी मुंबईच्या उभारणीने याच अडथळ्यांत भर घातली. विमानतळासाठी उलवे नदी वळवली गेली, खाचरे भरावाखाली गेली. तळोजा औद्योगिक वसाहतीमुळे कासाडी नदीचे जे प्रदूषण झाले, ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. रसायनाने मेलेल्या पाण्याचा पट्टा माशाला भिंतीसारखाच अडवतो, एवढेच इथे नोंदवतो.

### तिसरी पायरी : पाताळगंगेत पाणी आहे, मग काय बिघडले?

माझ्या मांडणीची खरी परीक्षा पाताळगंगेत होते, कारण इथे नदी कोरडी नाही. उलट बारमाही आहे. लोणावळ्याच्या माथ्यावरचे वळवण, लोणावळा, शिरवटा हे टाटांचे तलाव भीमेच्या खोऱ्यातले. ते पाणी सुमारे 500 मीटर खाली आणून खोपोलीत 1915पासून वीज तयार होते आणि वापरलेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते. पुढे भिवपुरीच्या वीजगृहाने उल्हास नदीला आणि भिऱ्याच्या वीजगृहाने कुंडलिकेला असेच पाणी दिले. भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नवीन पनवेलकडे जाणारे पाणी याच पाताळगंगेतले. म्हणजे पनवेलकर नळ उघडतो तेव्हा त्यात इंद्रायणीच्या खोऱ्यातला पाऊसही असतो. घाटावरच्या नदीचे गेले, कोकणातल्या नदीला मिळाले; माशांचा हिशेब बरोबर झाला, असे कुणी म्हणेल.

तो होत नाही, कारण हे पाणी पावसाच्या तालावर येत नाही, विजेच्या मागणीच्या तालावर येते. मागणी वाढली की यंत्रे चालू, कमी झाली की बंद. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगसाठी जाणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे : सकाळी वीजगृहातून पाणी सुटते म्हणून त्या वेळीच बोटी निघतात. ज्या नदीची पातळी दिवसातच चढते-उतरते, तिथे काठाच्या उथळ पाण्यात, गोट्यांवर आणि गवतावर चिकटवलेली अंडी पाणी ओसरले की उघडी पडून सुकतात. नुकतीच फुटलेली पिल्ले डबक्यांत अडकतात. पाणी अचानक आले तर खाली वाहून जातात. पावसाळ्यात नैसर्गिक पुरामुळे हा परिणाम थोडा झाकला जातो; पण पाऊस उघडीप देतो त्या आठवड्यांत नदी पुन्हा यंत्राच्या हातात जाते. पाणी भरपूर असूनही जननाची जागा नाहीशी होऊ शकते, हे पाताळगंगेसारख्या नद्या दाखवतात. साठा हा निकष किती अपुरा आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

### चौथी पायरी : बीज सोडल्याने नदी परत मिळत नाही

आता तो लाडका युक्तिवाद, की धरणात मासे वाढतात. वाढतात, हे खरे. जन्मतात का? कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना वाहता पूर लागतो. म्हणून तर 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले, तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. जलाशयात वर्षानुवर्षे बीज टाकावे लागते, हीच त्या पाण्यात माशाची जननभूमी नसल्याची कबुली आहे. जिथे वरून मोठी नदी मिळते तिथे काही मासे ती चढून अंडी घालतातही, पण तेव्हा ते नदीचेच काम असते, जलाशयाचे नव्हे. साचलेल्या पाण्यात आपोआप फोफावतो तो तिलापिया, आणि तो आपला नाही.

महाशीरची, म्हणजे आपल्या खडसाची, गोष्ट याहून बोलकी आहे. 'टॉर खुद्री' या नावाने शास्त्राला परिचित झालेला हा मासा साइक्स यांनी मुळा-मुठेच्या पाण्यातून वर्णिला. धरणांनी त्याच्या चढणीच्या वाटा तुटल्या. मग लोणावळ्यात, वळवणच्या काठी टाटांच्या हॅचरीत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970च्या दशकात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. हे काम मोठे होते, मनापासून केलेले होते, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण त्याची पुढची वाटही पाहायला हवी. इथली पिल्ले देशभर सोडली गेली, कावेरीतही. तिथे ती इतकी माजली की कावेरीचा मूळचा, कुबड असलेला महाशीर नामशेष होण्याच्या टोकाला गेला. एका नदीतला मासा वाचवताना दुसरीतला धोक्यात आला. हॅचरी माशाची संख्या वाढवू शकते. कोणत्या नदीत कोणता मासा, कोणत्या महिन्यात, कोणत्या गोट्यांवर, हे नाते तिला बनवता येत नाही.

याच्या उलट महाडजवळचा वाळणकोंड पाहा. काळ नदीच्या डोहातले खडस लोकांनी वरदायिनी देवीचे म्हणून राखले. तिथे ना हॅचरी आहे, ना बीज. लोकांनी डोह राखला, नदी वाहती राहिली, मासे राहिले. पण देवीच्या भक्तीने राखलेला डोहसुद्धा वरची वाट तुटली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही, कारण डोह हे माशाचे राहण्याचे ठिकाण आहे आणि अंडी घालायला त्याला वर जावे लागते.

### पाचवी पायरी : नुकसान कोणाच्या वहीत लिहिले जाते?

धरणात जमीन गेली तर मोबदला आहे. घर गेले तर पुनर्वसन आहे, निदान कागदावर. नदीतला मासा गेला तर काय? पनवेल, कर्जत, खालापूरच्या डोंगरपट्ट्यातला कातकरी बहुधा भूमिहीन. सातबारावर त्याचे नाव नाही, म्हणून धरणग्रस्तांच्या यादीतही नाही. पावसाळ्याच्या तोंडाला, मजुरी थांबलेली असताना, ओढ्यातले मासे आणि खेकडे हे त्याच्या घरातले जवळजवळ एकमेव सकस अन्न. आगरी-कोळी कुटुंबांचा खाडीतला जिताडा आणि चिवणी याच हिशेबातले. धरणाचा फायदा शहराच्या नळातून मोजला जातो. तोटा अशा माणसाच्या ताटात होतो, ज्याच्याकडे तो सिद्ध करायला कागद नाही.

आणि कायद्यानेही हा प्रश्न विचारायची सोय ठेवलेली नाही. 2006च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्पांची गणना वीज आणि सिंचन यांच्या मापाने होते. केवळ पिण्याच्या आणि उद्योगाच्या पाण्यासाठी बांधलेले धरण, कितीही मोठे असो, त्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत येत नाही. मुंबई महानगराची तहान भागवण्यासाठी रायगड-ठाण्यात जी धरणे उभी राहत आहेत, ती बहुतेक याच प्रकारची. पेणचे बाळगंगा, कर्जतचे कोंढाणे, आणि 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिलेली कर्जत तालुक्यातलीच पोशीर आणि शिलार. वनजमिनीसाठी परवानगी लागते, पण ती झाडे मोजते. मासे कोण मोजणार?

### आक्षेप

पहिला आक्षेप साहजिक आहे : माणसाला पाणी नको का? हवे, आणि पनवेलला तर आजच हवे. देहरंग पाडा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते धरण चालवण्याच्या पद्धतीबद्दल. पहिल्या मोठ्या पावसाचे काही दिवसांचे पाणी खाली सोडले तर शहराच्या वर्षाच्या साठ्यात पडणारी तूट पुढच्या पावसात भरून निघते, कारण देहरंगसारखे लहान धरण भरायला कोकणात पाऊस कमी पडत नाही. जे धरण जुलैत भरून सांडते त्याला जूनचे पाणी सोडण्याची किंमत जवळपास शून्य आहे. मोरब्यासारख्या उशिरा भरणाऱ्या धरणात ही किंमत खरी आहे. तिथे तडजोड करावी लागेल, आणि ती आकडे मांडून, उघडपणे व्हावी.

दुसरा आक्षेप : वलगणीला गाभोळीचे मासे लोकच मारतात, धरणाला का दोष? यात तथ्य आहे. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी पाळली जाते आणि त्याच दिवसांत ओढ्यांत अंड्यांवरचे मासे, कधी विजेचा शॉक देऊन, मारले जातात. शॉक आणि विष यांना कसलीही माफी नको. पण पाग आणि बांबूच्या सापळ्यांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि मासे टिकले, कारण बरेचसे मासे निसटून वर जात. बंधाऱ्याने सगळे एका जागी अडवले, तिथून निसटणे उरले नाही. मारणारा हात जुना आहे, कोंडी नवी आहे.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा : माशांसाठी जिने बांधू. गंगेवरचे फरक्का बॅरेज 1975मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात माशांसाठी व्यवस्था होती. तरी एके काळी प्रयागराज, आग्र्यापर्यंत चढणारा हिल्सा बॅरेजच्या वर दुर्मीळ झाला. पाश्चात्त्य जिने उंच उडी मारणाऱ्या सालमनसाठी आखले गेले. आपली शिंगाळी आणि वाम उडीवर नाही, खरबरीत तळाला धरून चढतात. उंच धरणावर जिना हा बहुतेकदा मनाचे समाधान ठरतो. ठेंगण्या बंधाऱ्यावर मात्र उपाय आहे आणि स्वस्त आहे : खालच्या बाजूला दगडगोट्यांचा मंद उतार रचायचा, म्हणजे पाणी पडत नाही, वाहते.

### सुरुवात कुठून करायची

इथे आपल्याच मातीतली एक रचना कामाला येते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांमध्ये फळ्या बसवलेल्या असतात. पावसाळ्याआधी त्या काढायच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास परत घालायच्या, असा त्याचा नियमच आहे. फळ्या वेळेवर निघाल्या तर वलगणीला नदी मोकळी. पक्का सिमेंटचा बंधारा बांधणे आणि कोल्हापुरी बंधारा बांधणे यांत माशाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही फळ्या चोरीला जातात, गंजतात, काढायला माणूस नसतो, या सबबींवर आपण काँक्रीट पसंत करतो.

बंद वाट उघडली की मासे परततात, हे अमेरिकेत दिसून आले आहे. मेन राज्यात केनेबेक नदीवरचे एडवर्ड्स धरण 1999मध्ये काढले आणि समुद्रातून चढणारे हेरिंगजातीचे मासे लाखांनी वर आले. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीवरची दोन धरणे 2011 ते 2014 या काळात पाडली. शंभर वर्षे बंद असलेल्या भागात सालमन पुन्हा पोहोचले. आपल्याला धरणे पाडायची नाहीत. पण नदीची स्मृती माणसापेक्षा चिवट असते, एवढा भरवसा त्यातून मिळतो.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. पनवेल महापालिकेने देहरंगमधून जूनच्या पहिल्या पुराचे पाणी खाली सोडावे आणि गाढी आणि काळुंद्रे या नद्यांवरच्या प्रत्येक बंधाऱ्याची, फरशीच्या पुलाची आणि उघाडीची यादी करून ती लोकांपुढे ठेवावी. पाटबंधारे खात्याने कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या 31 मेच्या आत काढल्याचे गावात जाहीर करावे. आणि पोशीर व शिलारचे काम सुरू होण्याआधी एक पूर्ण पावसाळा, जून ते सप्टेंबर, त्या नद्यांत कोणते मासे कुठवर चढतात याची पाहणी व्हावी. ती तिथल्या कातकरी आणि ठाकर माणसांना सोबत घेऊन, कारण हे ज्ञान आज त्यांच्याकडेच आहे. कायदा ही पाहणी मागत नाही, पण करायला मनाईही करत नाही. भिंत उभी राहिल्यावर ती करण्यात अर्थ नाही.